आदल्या रात्री वरण-भात, सकाळी आंबील: प्लाझ्मा द्यायला जाण्याआधीचं खाणंपिणं

पहिल्यांदा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, द्यायला गेले त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून दोन कप चहा आणि अर्धं केळं, एवढ्या शिदोरीवर मी साडेदहाला खुर्चीत जाऊन बसले. निम्मं काम झालं असेल-नसेल, कानात मोहोळ उठल्यासारखं घोंघावायला लागलं, समोरची भिंत पांढरी पांढरी होत गेली आणि अंगाला दरदरून घाम सुटला. नर्सनं कळ दाबून खुर्ची अशी मागं झुकवली की पाय वर आणि डोकं खाली. कपाळावर गार फडकं ठेवून तिनं विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंत?" संकष्टी म्हणजे काय, चंद्रोदय म्हणजे काय, हे सगळं त्या अवस्थेत इंग्रजीत कुठून सांगणार? मी म्हटलं, "चहा." ती हसली नाही.

लाज याची वाटली की माझं पोटच मुळी दुसऱ्यांच्या खाण्यावर चालतं. मी मूळची कराडची, २००९ साली लग्न होऊन मेलबर्नला आले. इथल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. कुणाचं ताट बिनसाखरेचं, कुणाचं बिनमिठाचं, कुणाला सगळं मिक्सरमधून काढून हवं. कुणी सकाळी नीट जेवलं नाही तर दुपारी काय होतं, हे मला आजी-आजोबांच्या चेहऱ्यावरून कळतं. आणि स्वतः मात्र उपाशीपोटी जाऊन आडवी झाले.

त्यानंतर साठेक वेळा दिलाय. चक्कर पुन्हा आली नाही. या काळात काय खाल्लं की बरं वाटतं आणि काय खाल्लं की घोटाळा होतो, याचा माझा अंदाज पक्का झाला आहे. ओळखीतल्या मराठी बायका विचारतात, "अगं, काय काय खाऊन जातेस?" प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

आधी हे, की मी रक्ताऐवजी प्लाझ्माकडं कशी वळले. मला रक्तच द्यायचं होतं. पण आदल्याच महिन्यात गावाकडं जाऊन आले होते. भारत मलेरियाच्या देशांत मोडतो, त्यामुळं परत आल्यावर चार महिने इथं नेहमीसारखं रक्त देता येत नाही. मलेरियाचा जंतू राहतो तांबड्या पेशींत. औषधं करायला जो प्लाझ्मा घेतात त्यात तांबड्या पेशी नसतातच, म्हणून तो चालतो. दर वर्षी-दोन वर्षांनी घरी जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मार्ग मोकळा असतो आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नसतो.

दुसरं कारण घरातलं. माझा रक्तगट बी निगेटिव्ह. २०११ मध्ये मुलीच्या वेळी मला अँटी-डीची इंजेक्शनं घ्यावी लागली. बाळाचा गट पॉझिटिव्ह असला तर आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढच्या बाळाला धोका होतो. ते होऊ नये म्हणून हे इंजेक्शन. ते कारखान्यात कुठल्या रसायनातून बनत नाही. काही ठरावीक माणसांच्या प्लाझ्मातूनच ते काढतात. इथले जेम्स हॅरिसन त्यासाठीच प्रसिद्ध होते. चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली तेव्हा लोकांच्या रक्तावर वाचले, मग १९५४ पासून २०१८ पर्यंत त्यांनी स्वतः १,१७३ वेळा दिलं. सुईकडं म्हणे कधी बघायचे नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. मला टोचलेल्या इंजेक्शनात कुणाचा प्लाझ्मा होता कोण जाणे, पण कुणीतरी खुर्चीत पाऊण तास बसलं होतं एवढं नक्की.

त्या पिशवीत काय जातं

हे कळलं की काय खायचं ते निम्मं आपोआप कळतं.

ताक घुसळताना रवी फिरते आणि लोणी वेगळं होतं ना, तसंच हे मशीन. हातातून रक्त ओढून घेतं, गरगर फिरवतं, जड तांबड्या पेशी बाजूला पडतात आणि वरचा पिवळसर द्रव पिशवीत जातो. तांबड्या पेशी त्याच सुईतून तुम्हाला परत. ओढायचं, परत करायचं, असे फेरे होत राहतात. आपल्या रक्तात निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे शंभरात पंचावन्न भाग, हा प्लाझ्माच असतो. उंची-वजनाप्रमाणे किती घ्यायचं ते ठरतं. माझा साधारण ७०० मिली घेतात.

या प्लाझ्मात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आहे. म्हणून पाण्याचं एवढं महत्त्व. त्यात मीठ आहे, म्हणून मिठाचं. आणि शंभर मिलीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं आहेत. म्हणजे माझ्या पिशवीतून जवळजवळ पन्नास ग्रॅम प्रथिनं जातात. आठ अंड्यांत जेवढी असतात तेवढी! तांबड्या पेशी परत मिळतात, त्यामुळं नेहमीच्या रक्तदानासारखी लोहाची मोठी तूट पडत नाही, पण ही प्रथिनांची भरपाई आपल्यालाच करायची असते.

मात्र इथं एक गैरसमज होतो. सकाळी चार अंडी खाल्ली म्हणजे ती साडेदहाला प्लाझ्मात उतरली, असं होत नाही. ती प्रथिनं यकृत आपल्या गतीनं करतं, त्याला दिवस लागतात. म्हणून एकदा प्लाझ्मा दिल्यावर पुढच्या वेळेपर्यंतच्या पंधरवड्यात रोज काय खाता हे बघा. घरात रोज वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही, खात असाल तर अंडं-मासळी, एवढं असलं की झालं. अडचण त्यांची होते ज्यांचं दुपारचं जेवण म्हणजे लोणचं-पोळीची गुंडाळी आणि रात्रीचं म्हणजे मॅगी. नोकरी करणाऱ्या बायकांत हे फार बघते. मुलांच्या डब्यात मटकी आणि स्वतः उभ्या उभ्या टोस्ट.

पाणी, फुलपात्रानं मोजून

ऑस्ट्रेलियात हे काम रेड क्रॉसची लाइफब्लड ही संस्था बघते. तिथं सांगतात की आदल्या दिवशी बायकांनी आठ आणि पुरुषांनी दहा मोठे ग्लास पाणी किंवा इतर पातळ पदार्थ प्यावेत आणि देण्याआधीच्या तीन तासांत साडेसातशे मिली, म्हणजे तीन मोठे ग्लास. आता आपल्या घरात मोठा ग्लास कुठला? मी एकदा कामावरच्या मापाच्या भांड्यानं घरचं स्टीलचं फुलपात्र मोजलं. काठोकाठ भरून दोनशे मिली निघालं. मी "तीन प्याले प्याले" म्हणत होते ते सहाशेच होतं. आता चार फुलपात्री पिते. तुम्हीही तुमचं भांडं एकदा मोजाच.

कधी प्यायचं यालाही अर्थ आहे. माझी वेळ साडेदहाची असते. उठल्यावर साडेसातला एक फुलपात्र कोमट पाणी, नाश्त्याबरोबर एक आंबील किंवा ताक, नऊच्या सुमाराला एक लिंबू सरबत आणि निघताना एक साधं पाणी. सगळं थोडं थोडं. आमच्या ह्यांनी एकदा शहाणपणा केला. आदल्या दिवशी पाण्याला शिवले नाहीत आणि गाडीत बसल्यावर दीड लिटरची बाटली एका दमात संपवली. सुई लागून वीस मिनिटं झाली आणि माणूस कासावीस! दुसऱ्या खुर्चीवरून मला दिसत होतं, पायाचा अंगठा नुसता हलत होता. सुई काढल्याशिवाय उठता येत नाही आणि अजून निम्मं काम बाकी. घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच पाजलं होतं. तर खुर्चीत बसण्याआधी एकदा जाऊन या, लागली नसली तरी.

पाणी कमी पडलं की शीर सापडत नाही, सापडली तर रक्त हळू येतं, मशीन सारखं कुरकुरतं आणि पाऊण तासाचा तास होतो. मेलबर्नचा उन्हाळा कोरडा. चाळीस अंशांच्या दिवशी घाम आला हेसुद्धा कळत नाही, कारण तो लगेच वाळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी मी आदल्या दिवशीचे आठाचे दहा ग्लास करते.

चहाचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एक कप प्या, डोकं दुखण्यापेक्षा बरं. पण तो पाण्याच्या हिशेबात धरू नका आणि जेवणाला चिकटून पिऊ नका. चहा डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागू देत नाही. प्लाझ्मात लोहाचा संबंध थोडा असला तरी पहिल्या वेळी माझं बोट टोचून हिमोग्लोबिन बघितलं होतं. मशीनवर १२४ आकडा आला आणि माझ्या पोटात गोळा. आपल्याकडं बारा-साडेबारा ऐकायची सवय! इथं एका लिटरमागं किती ग्रॅम ते मोजतात, म्हणून १२४ म्हणजे आपलं १२.४.

मीठ

आपल्याकडं आरोग्याचं बोलायला लागलं की पहिली गोष्ट मीठ कमी करा. या एका दिवशी मात्र उलटं आहे. नुसतं पाणी पीत राहिलं तर ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. बरोबर मीठ असलं तर ते पाणी रक्तात टिकतं. केंद्रातही काहीतरी खारट खाऊन या असंच सांगतात. इथली माणसं चिप्स किंवा टोस्टवर व्हेजिमाइट लावून खातात. ते काळं, खारट, यीस्टचं चाटण मला सोळा वर्षांत जमलेलं नाही. आपल्याकडं त्याहून बरी सोय आहे: मीठ-जिरं घातलेलं ताक, मीठ घालून लिंबू सरबत, मेतकूट-भात, लिंबाच्या लोणच्याची फोड, भाजलेला पापड. पापड भाजलेला म्हटलं, तळलेला नाही. ते का, पुढं येतंच.

ज्यांना रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही वेळ घेतानाच केंद्राला सांगावं.

दिवाळीच्या सकाळची पेज

तूप-तेलाचा धडा मला दिवाळीत मिळाला. इथं तेव्हा वसंत असतो. सकाळी अभ्यंगस्नान उरकून आठ वाजता फराळाला बसलो. दोन बेसनाचे लाडू, चार चकल्या, चिवडा, एक अनारसा. साडेअकराची वेळ होती. पाणी प्याले होते, मीठही भरपूर पोटात गेलेलं. खुर्चीत मजेत बसले. थोड्या वेळानं नर्स पिशवीकडं बघत थांबली. ती केरळची, बरीच वर्षं इथं आहे. म्हणाली, "दीदी, आज घरी सण आहे का?" मी चकित. तिनं पिशवी उचलून दाखवली. एरवी वरणाच्या वरच्या पाण्यासारखा स्वच्छ पिवळा दिसणारा प्लाझ्मा त्या दिवशी तांदळाच्या पेजेसारखा गढूळ पांढरा होता.

तुपातेलाचं खाल्लं की त्यातली चरबी बारीक थेंबांच्या रूपानं रक्तात उतरते आणि तीन-चार तासांनी तिचा भर सगळ्यात जास्त असतो. मी नेमकी त्याच वेळी सुई लावून घेतली होती. असा दुधाळ प्लाझ्मा तपासणीत अडचण करतो आणि पुष्कळदा टाकून द्यावा लागतो. म्हणजे माझा दीड तास, तिची मेहनत, ती सुई-नळ्या-पिशवी, सगळं एका अनारशापायी.

तेव्हापासून नियम केला. आदल्या संध्याकाळपासून तळण नाही, मटणाचा तांबडा-पांढरा नाही, पिझ्झा नाही, पुरणपोळीवर तुपाची धार नाही. आणि सकाळी तर अजिबात नाही. रात्री थोडं तूप पोटात गेलं तर सकाळपर्यंत निवळतं, खरा धोका सकाळच्या वडा-सांबाराचा आणि मिसळीचा. मिसळीवरची तर्री आठवा, तसंच तुमच्या पिशवीत तरंगणार आहे असं समजा.

मग आदल्या रात्री जेवायचं काय? घरात कुणी आजारातून उठलं की आपण जे करतो ते. वरण-भात, वर अर्धा चमचा तूप, इतकं चालतं. मुगाची खिचडी, कढी. ज्वारीची भाकरी, मेथीची परतून भाजी, वाटीभर मटकीची उसळ. पिठलं-भाकरीही चांगलं, फोडणीला तेल मोजून घातलं तर. मी शुक्रवारी रात्री ठरलेलं एकच करते: तुरीचं घट्ट वरण, भात, लिंबू आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर. मुलगी म्हणते, "आज आईचं हॉस्पिटलचं जेवण." म्हणू दे.

सकाळची आंबील

ही माझी जमेची बाजू. आजोळी उन्हाळाभर आंबील असायची, तेव्हा नाक मुरडायचे. आता शुक्रवारी रात्री दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात कालवून ओट्यावर झाकून ठेवते. इथं थंडीत ते आंबायला तयार नसतं, म्हणून हिवाळ्यात ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवते. सकाळी दीड फुलपात्र पाणी उकळायला ठेवायचं, त्यात हे पीठ धार धरून ओतायचं आणि हात न थांबवता ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. सहा-सात मिनिटांत चकाकी येते. उतरवून कोमट झालं की वरून आणखी ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, एखादी लसणाची पाकळी ठेचून. झाली आंबील. पाणी, मीठ, थोडी प्रथिनं आणि कॅल्शियम, सगळं एका भांड्यात. तेल औषधाला नाही.

नुसत्या आंबिलीवर मात्र जाऊ नका. तिच्याबरोबर पोटभरीचं काहीतरी हवं, आणि ते निघण्याआधी दीड-दोन तास. तव्याला तेलाचं नुसतं बोट लावून केलेलं थालीपीठ आणि दही. इडली आणि पातळ डाळ. पोहे करायचे तर शेंगदाणे मूठभर आणि तेल दोन चमच्यांच्या आत. घाईच्या दिवशी मी रात्रीचा भात दह्यात कालवून, मीठ घालून, वर उकडलेलं अंडं घेऊन खाते. कुणी नावं ठेवली तर ठेवोत.

ओठांना मुंग्या

कॅल्शियमचं सांगते. मशीनमध्ये फिरताना रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. तांबड्या पेशी परत येताना थोडं सायट्रेट आपल्या अंगात येतं आणि रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं धरून ठेवतं. मग ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, जिभेवर तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, कधी हुडहुडी भरते. थोड्या वेळात शरीर ते सायट्रेट निकालात काढतं. पण मुंग्या आल्या की गप्प बसायचं नाही, लगेच सांगायचं. नर्स मशीनचा वेग कमी करतात, चघळायला कॅल्शियम देतात. आपल्या बायकांना सहन करायची सवय. "जाऊ दे, होईल कमी" म्हणत ओठ थरथरेपर्यंत बसून राहतात.

मला पहिल्या काही वेळा मुंग्या यायच्या. आंबील आणि दही सुरू केल्यापासून क्वचित येतात. नाचणी नसेल तर कपभर दूध प्या, साय काढून. भाकरीबरोबर तिळाची चटणी घ्या, चमचाभरच, कारण तिळात कॅल्शियम आहे तसं तेलही आहे. तिळगुळाचा मोह संक्रांतीला सुटत नाही, ते मला माहीत आहे. दोन चालतील, डबा नाही.

अंगात गरम कपडा असू द्या. परत येणारं रक्त गार झालेलं असतं. मी शाल नेते.

उपवास असला तर?

माझं सरळ मत: त्या दिवशी जाऊ नका. प्लाझ्मा इथं दर दोन आठवड्यांनी देता येतो, शनिवार पुष्कळ आहेत. संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, वेळ घेण्याआधी कॅलेंडर काढून बघा. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टीच्या चौकोनाला तांबड्या पेनानं गोल करते आणि त्या आठवड्यात पुढची तारीख घेते.

काही जणी म्हणतात, साबुदाण्याची खिचडी खाऊन जाऊ की. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, प्रथिनं नावाला. त्यात जी आहेत ती दाण्याच्या कुटात, आणि दाण्याबरोबर तेल आलं, वर तुपाची फोडणी आली. म्हणजे जे हवं ते कमी आणि जे नको ते जास्त. अगदीच अडलं तर उपवासाला चालणारं म्हणून राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, ताक-मीठ, केळं असं घेता येईल. पण निर्जळी किंवा नुसत्या चहावरचा उपवास असताना सुई लावून घेऊ नका. माझी भिंत पांढरी झाली होती, ते विसरू नका.

हे सगळं मी सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा आधी त्यांनी विचारलं, "रक्त विकतीस की काय तिकडं?" त्यांचंही चुकलं नाही. त्यांच्या तरुणपणी आपल्याकडं पैसे घेऊन रक्त देणारी माणसं दवाखान्याबाहेर बसायची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. मी सांगितलं, इथं एक पैसा देत नाहीत, मिल्कशेक देतात. अमेरिकेत देतात पैसे, ती गोष्ट वेगळी. मग संकष्टीचा विषय काढला. मला वाटलं, बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "उपास चतुर्थीला करतीस ना? मग रक्त पंचमीला दे. त्यात काय एवढं." माझ्या डोक्यात हे सुचायला चक्कर यावी लागली.

खुर्चीत बसल्यावर आणि नंतर

यावर फार सांगण्यासारखं नाही. सुई असलेल्या हाताची मूठ मशीन ओढत असताना उघडझाक करायची, परत देत असताना सैल सोडायची. पाय एकावर एक टाकून मांड्या घट्ट आवळायच्या, सोडायच्या. त्यानं रक्तदाब खाली जात नाही. नर्स सांगतात, पण आपण मोबाइलमध्ये असतो. मोकळ्या हातात पाण्याची बाटली धरा. शेवटी मशीन थोडं सलाइन आत सोडतं.

उठल्यावर लगेच गाडी गाठू नका. पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसा, खा, प्या. मिल्कशेक, चीज-बिस्किटं आता बिनधास्त, पिशवी बंद झालेली असते. त्या दिवशी जिम नाही, जड सामान उचलणं नाही, घरी येऊन कढत पाण्यानं अंघोळ नाही, संध्याकाळी पार्टी असली तर दारूचा ग्लास बाजूला. दुपारी पुन्हा नीट जेवण आणि दिवसभर पाणी चालूच.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडं ओळखीतल्या डेंग्यूच्या किंवा कॅन्सरच्या पेशंटसाठी प्लेटलेट द्यायला बोलावणं येतं, तेही बहुधा अशाच मशीनवर होतं. सायट्रेट तेच, मुंग्या त्याच, खाण्यापिण्याची तयारी हीच. जास्तीचं एवढंच की आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नको, आणि घेतलं असेल तर ते लपवू नका. फोन येतो तोच "ताबडतोब या" म्हणून, त्यामुळं आदल्या रात्रीचं वरण-भात काही जमत नाही. पण निघताना ताक-मीठ पिऊन, दही-भात खाऊन निघायला वीस मिनिटं पुरतात, आणि तेवढा वेळ बहुतेक वेळा असतो. वडापाव हातात घेऊन रिक्षात बसू नका एवढंच.

राहिला डिंकाच्या लाडवांचा प्रश्न. सासूबाई दर वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानात डबा भरून पाठवतात, "अंगात ताकद राहील, जायच्या आधी दोन खात जा," असा निरोप घालून. त्यात तूप किती असतं हे करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मी तो डबा शनिवारी सकाळी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते, मला स्टूल लागेल इतका वर. दुपारी हातावरची पट्टी काढली की खाली घेते. दोन खाते, आणि फोनवर खाल्ले एवढंच सांगते, कधी ते सांगत नाही.